गाडीसाठी केलेला रस्ता

कुवेत
६ नोव्हेंबर १९८३

चि. बनूस दादाचे आशीर्वाद. आबांना नमस्कार.

तुझ्या गणपतीतल्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण नुसतं 'मी खुशाल आहे' एवढंच लिहायचं नव्हतं. बातमी हातात आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. आता नीट बसून ऐक. (बसूनच असतेस हे माहीत आहे. रागावू नकोस, तुझा दादा पहिल्यापासून असाच.)

मी ज्या हॉस्पिटलच्या गोदामात आहे तिथे यंदा विलायतेहून दोन गाड्या आल्या. पाय गेलेल्या माणसांसाठी. पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज नाही. खुर्चीखाली दोन बॅटऱ्या, समोर सायकलीसारखं हँडल, त्यावर एक बटण. दाबलं की चालते, सोडलं की उभी राहते. संध्याकाळी बॅटरी विजेला लावून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी सात-आठ मैलांची चिंता नाही. आमच्या साहेबांना मस्का मारून पुढच्या मागणीत मी एक जास्तीची गाडी घालून घेतली आहे. तुझ्या नावाची, नवी कोरी. कारखान्यात बनेल, बोटीत चढेल, मुंबईला उतरेल. चार महिने म्हणतात, तू पाच धर.

आता आबांचं काम. सडकेपासून आपल्या घरापर्यंतची वाट माझ्या डोळ्यांसमोर आहे. करवंदीच्या जाळ्या, मध्ये ओहोळ, आणि वरचा तो घसरडा पट्टा, जिथे आई घागर घेऊन दोनदा पडली. तिथून गाडी जाणार नाही. आबांना सांग, गाडीसाठी रस्ता करा. रुंद करा, पक्का करा. चार डोलीवाले एकत्र आले तर हिवाळ्यात होऊन जाईल.

आणखी काय पाठवू ते कळव.

तुझा दादा
महिपती


हिरकणीवाडी, पो. पाचाड
२९ नोव्हेंबर १९८३

ती. दादास बनूचा नमस्कार.

पत्र मिळालं. पाकिटावर तू अजून 'जिल्हा कुलाबा' लिहितोस. जिल्ह्याचं नाव रायगड होऊन तीन वर्षं होत आली. पोस्टमन ओळखीचा आहे म्हणून पत्र घरी येतं.

गाडीचं वाचून आनंद झाला असं लिहायला हवं, म्हणून लिहिते. आनंद झाला. खरं सांगायचं तर मला हल्ली कशाचंच फारसं काही वाटत नाही. पाय बधिर आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. कमरेच्या वरही तसंच होत चाललंय की काय, असं मधूनमधून मनात येतं. तू काळजी करू नकोस, दुखत नाही.

गाडीचा उपयोग मात्र आहे. पाचाडला बालवाडी निघाली आहे, तिथे शिकवायला बाई हवी आहे. जानकीबाई म्हणून तपासनीस आहेत, त्या घरी येऊन गेल्या. मी दहावी झालेली, मला गाणी येतात, पोरं माझ्याजवळ रडत नाहीत, तेव्हा त्यांना मी पसंत आहे. पण त्या स्वच्छ बोलल्या. पंधरा जूनपासून रोज वेळेवर यायचं, पावसातसुद्धा. आज आबांची कंबर धरली म्हणून बालवाडी बंद, असं चालणार नाही. तोवर जागा राखून ठेवतील. पाचाड दोन मैल. म्हणजे गाडी आली तर मी बालवाडीची बाई, आणि नाही आली तर आहे तिथेच, खिडकीपाशी.

आबांनी तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. मग सोमाकाकांना हाक मारली. वीस वर्षं दोघांच्या खांद्यावर एकच डोली, आबा पुढे आणि सोमाकाका मागे, त्यामुळे घरातली कुठलीही गोष्ट आधी त्यांना सांगावी लागते. "रस्ता ना? आसा करतो का गडावर जानारा उभा ऱ्हाऊन बगंल," असं आबा म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पहार घेऊन गेले.

मला काही नको.

बनू


कुवेत
२२ डिसेंबर १९८३

चि. बनूस आशीर्वाद.

सोबत गाडीचं चित्र पाठवतोय. कारखान्याच्या पुस्तकातलं पान आहे, साहेबांच्या टेबलावरून हळूच फाडलं. रंग लाल सांगितला आहे. हिरवा पण होता, पण हिरव्या रानात हिरवी गाडी आबांना दिसायची नाही आणि ते तिच्यावर भारा ठेवतील.

कारखान्याचं पत्र आलं. गाडी तयार व्हायला जानेवारी उजाडेल, मग बोट. इथे सगळे मला विचारतात, बहिणीची गाडी कुठवर आली. माझ्या खोलीत केरळचा जोसेफ आहे, तो तर कामावरून आल्या आल्या बूट काढायच्या आधी विचारतो. त्याला आपल्या घराचं चित्र काढून दाखवलं. वर गड, खाली आपलं घर, त्याच्या खाली सडक.

बधिर वगैरे लिहीत जाऊ नकोस. एका जागी बसून माणसाला असं होतं. एकदा गाडीवर बसलीस की सगळं ठिकाणावर येईल. बालवाडीचं उत्तम झालं. जानकीबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, जागा दुसऱ्या कुणाला दिलीत तर माझी बहीण गाडी घेऊन दारात येईल.

रस्त्याचं सविस्तर लिही. किती रुंद केला, किती झाला. आणखी काय पाठवू?

दादा


हिरकणीवाडी
१९ जानेवारी १९८४

ती. दादास नमस्कार.

चित्र मिळालं. मी ते ट्रंकेत ठेवलं आहे. आबांना दाखवलं नाही, त्यांचे हात सारखे मातीचे असतात.

दादा, रस्ता फार चांगला झाला आहे. जवळजवळ होतच आला म्हण. आबा, सोमाकाका आणि आणखी चौघे रोज खपतात. गडावर माणसं घेऊन जायची पाळी नसेल तो सगळा वेळ तिथेच. डोंगरातून एकेक दगड निवडून आणला. दोन डोल्या समोरासमोर आल्या तरी एकमेकींना लागणार नाहीत एवढा रुंद. ओहोळाचं पाणी रस्त्याखालून जायला मोरी ठेवली. आबा म्हणतात, आषाढात अनवाणी माणूस आला तरी पाय घसरणार नाही. वाडीतल्या बायका उगाचच त्यावरून जाऊन येतात.

आबा जेवताना बोलू लागले आहेत. आई गेल्यापासून घरात जेवताना भांड्यांचाच आवाज असायचा. आता मला रोज त्या दिवशीच्या दगडाची गोष्ट ऐकावी लागते. कुठला दगड कुठे सापडला, तो कसा हटून बसला होता, सोमाकाकांनी त्याला कसा हलवला. मी ऐकते.

परवा तीन वर्षं झाली. ज्या ऐनाच्या झाडावरून मी पडले त्याला पुन्हा दाट टहाळी फुटली आहे. आबांनी यंदाही त्याला कोयता लावला नाही. भाताचं रोप टाकायच्या राबावर टहाळीऐवजी पालापाचोळा आणि शेणीच भाजणार म्हणतात. लोक हसतात त्यांना. रोप जरा बारीक येईल, एवढंच.

मला काही नको.

बनू


कुवेत
२३ फेब्रुवारी १९८४

चि. बनूस आशीर्वाद. आबांना साष्टांग नमस्कार, खरोखरचा.

तुझं पत्र मी जोसेफला वाचून दाखवलं, वाक्या-वाक्याला हिंदी करून. मोरीसकट पक्का रस्ता! आमच्या साहेबांनाही सांगितलं. इथे सरकारला एक रस्ता करायला चार देशांची माणसं लागतात, आणि माझ्या बापाने पाच गडी घेऊन केला. रस्ता झाला म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं समुद्रावर आहे.

गाडी बोटीत चढली. ती बोट आधी दुसऱ्याच दोन बंदरांत जाऊन मग मुंबईला येणार आहे. मार्चमध्ये येईल. गोदीतून सोडवायला माझ्या ओळखीचा एजंट आहे. पण जकातीसाठी एक कागद लागतो. तुला खरंच चालता येत नाही, असं अलिबागच्या सरकारी डॉक्टरांनी लिहून द्यायचं. नाहीतर गाडी गोदीतच पडून राहील. तेव्हा एवढा त्रास घे. आबांना म्हणावं एसटीने सावकाश न्या. कागद रजिस्टरने एजंटला पाठवा, पत्ता सोबत आहे.

थोडेच दिवस राहिले. आणखी काय पाठवू ते कळव.

दादा


हिरकणीवाडी
२४ मार्च १९८४

ती. दादास नमस्कार.

अलिबागला जाऊन आलो. कागद मिळाला, रजिस्टर केला.

आबा आणि सोमाकाकांनी मला डोलीतून सडकेपर्यंत नेलं, तिथून एसटीने महाड, मग पुढची गाडी. अलिबागच्या स्टँडवर मला पाठीवर घेऊन आबा दवाखाना विचारत फिरले. लोक वाट देतात, तेवढं बरं असतं. डॉक्टर भले होते. त्यांनी टाचणी घेतली आणि अंगठ्यापासून वर टोचत आले. दर वेळी विचारत होते, कळतं का? मी नाही म्हणत होते. मी खिडकीतून बाहेर बघत होते, तिथे एक बाई नारळ निवडत होती, वाजवून वाजवून. एकदा त्यांनी विचारलं तेव्हा मी सवयीने नाही म्हटलं, आणि मग कळलं की त्यांनी हातावर टोचलं होतं. मला फसवून बघत होते. पण दादा, खरंच लगेच कळलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि सही केली.

सोमाकाकांचा गुडघा गेला. शिमगा झाल्यावर ते मुंबईला मुलाकडे गेले, परत यायचे नाहीत. जाताना त्यांनी डोलीची दांडी तेल लावून पुसून ठेवली. आबांनी नाते गावाहून एक गडी आणला होता. तुला आठवत असेल, नवा गडी नेहमी मागे धरतात. आबा त्यालाही तेच सांगत होते, "पुडच्याच्या पाटीवर नजर ठेव, वाट बगू नको, वाट मी बगतो." तो चार दिवस राहिला आणि एमआयडीसीत लागला. आता डोली माळ्यावर आहे. आबा मला पाठुंगळी घेतात. त्यांना धाप लागते. विचारलं तर म्हणतात, मोटार येईल तवर.

लवकर येऊ दे असं मी म्हणत नाही. यायची तेव्हा येईल.

मला काही नको.

बनू


कुवेत
२१ एप्रिल १९८४

चि. बनूस आशीर्वाद.

सुटली! एजंटची तार आली. तुझ्या कागदामुळे जकात माफ झाली. दहा-बारा मेच्या सुमारास महाडपर्यंत ट्रकने येईल, तिथून टेंपो करून देईल तो. बॅटऱ्या तिथेच भरून देणार आहेत. फोटो काढून पाठव. तू गाडीवर, मागे आबांचा रस्ता, आणि त्याच्या वर गड.

एक सांगायचं राहिलं. या मेमध्ये माझी दोन महिन्यांची सुट्टी होती. ती मी जोसेफला दिली, त्याच्या बायकोचे दिवस भरले आहेत. आता गाडी येतेच आहे, तेव्हा मी आलो काय आणि न आलो काय. पुढच्या वर्षी बघू.

धाप लागते म्हणजे विडी कमी करायला सांग. आणखी काय पाठवू?

दादा


हिरकणीवाडी
२० मे १९८४

दादा,

गाडी बारा तारखेला आली. तुला लगेच लिहायचं होतं, पण हात उचलला नाही.

टेंपोवाल्याने खोका सडकेवर काशीरामच्या हॉटेलासमोर उतरवला. आबा आधीच डोक्याला नवा रुमाल बांधून उभे होते. सहा डोलीवाले आले. खोक्याला दोर लावून दोन बांबू घातले, आबा पुढे, आणि वर आणायला लागले. मी दारात होते, मला सगळं दिसत होतं. एकाचाही पाय चुकला नाही. आबा वर पोचले तेव्हा म्हणाले, "बग, रस्त्यानं कसं झेललं!"

दादा, तो रस्ता म्हणजे पायऱ्या आहेत. अठ्ठ्याहत्तर पायऱ्या. सडकेपासून आपल्या अंगणापर्यंत, एकसारख्या, एकीचाही दगड हलत नाही. आबांनी जन्मभर जे काही वर नेलं ते पायऱ्यांनी नेलं. माणसं नेली, धान्य नेलं, एकदा पेटी नेली, एकदा आजारी कालवड नेली. चांगला रस्ता म्हणजे चांगल्या पायऱ्या, यापलीकडे त्यांना दुसरं काही सुचणारच नव्हतं. तू गाडीसाठी रस्ता करा म्हणालास, त्यांनी त्यांना येतो तो सगळ्यात चांगला रस्ता केला.

आबांनी खोका उघडला. गाडी लाल आहे, चित्रातल्यापेक्षा जरा गडद. त्यांनी मला उचलून बसवलं. मी बटण दाबलं. तुळशीपासून गोठ्यापर्यंत गेले, वळले, परत आले. वाडीतली माणसं टाळ्या वाजवत होती. आबा ओरडले, "चल गो, पाचाडला जाऊन येऊ!" आणि पुढे होऊन पायऱ्या उतरू लागले. पाचव्या पायरीवर थांबून मागे वळले, हात पुढे केले आणि म्हणाले, "ये."

मी काठावर थांबले. त्यांनी चाकांकडे बघितलं. मग पायरीकडे बघितलं.

"बनू, ही उतरत नाय?"

"नाही आबा."

"चडत पन नाय?"

"नाही."

टाळ्या वाजवणारी माणसं एकेक करून घरी गेली. त्यांचे पण हात त्या दगडांना लागलेले आहेत.

आता तुला खरं सांगते. मला जानेवारीपासून माहीत होतं. तुझं चित्र आलं तेव्हा साठाव्या पायरीचं काम चाललं होतं. चित्रात चाकं स्पष्ट दिसत होती, ताटलीएवढी. मी पान घडी करून ट्रंकेत टाकलं. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण आबा जेवताना दगडाबद्दल बोलत होते. मी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी एकसष्टावी झाली. मग मी ठरवलं की रस्ता चांगला झाला आहे एवढंच लिहायचं. ते खोटं नव्हतं. आणि आणखी एक, मला गाडी हवी होती का तेच मला कळत नव्हतं. जिला हवं असतं ती ओरडते. मी ओरडले नाही.

आणि आता लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते. त्या दिवशी ऐनावर चढायची पाळी तुझी होती. तू आदल्या दिवशी मुंबईला मुलाखतीला निघून गेलास, कोणाला न सांगता. राबासाठी टहाळी तोडायची होती, आबा गडावर होते, म्हणून मी चढले. सव्वातीन वर्षांत हे तू लिहिलं नाहीस आणि मीही लिहिलं नाही. तू गाडीबद्दल लिहितोस, मी रस्त्याबद्दल लिहिते. मला तुझा राग येत नाही. आला असता तर बरं झालं असतं.

आज सकाळपासून आबा पहार घेऊन पहिल्या पायरीशी बसले आहेत. मारत नाहीत आणि उठतही नाहीत. जूनला दहा दिवस उरलेत. आता माती टाकून उतार केला तर पहिल्याच पावसात वाहून जाईल, हे त्यांनाही कळतं.

बनू


कुवेत
९ जून १९८४

बनू,

पत्र मिळालं. सगळ्यांना सांगून बसलो होतो. साहेबांनी काल विचारलं, गाडी पोचली का? मी म्हटलं, पोचली, चालते. अंगणात चालते हे सांगितलं नाही.

तू एक ओळ लिहायला हवी होतीस. एक ओळ. मी तिथून हललो नसतो तर नुसतं बघून सांगितलं असतं. हे लिहिताना मलाच कळतंय की हे मी लिहू नये.

झाडाबद्दल लिहायचं आहे, पण दोन कागद फाडले. ते राहू दे.

इथे लोखंडी फळ्या मिळतात, पायऱ्यांवर टाकायच्या, त्यावरून चाक जातं. पायरीची उंची, रुंदी आणि एकूण चढ मोजून कळव. पाठवायला तीन-चार महिने लागतील. आबांना म्हणावं पायऱ्या फोडू नका. जानकीबाईंना म्हणावं तोवर थांबा.

आणखी काय पाठवू ते कळव.

महिपती


हिरकणीवाडी
२ जुलै १९८४

दादा,

आबांनी पायऱ्या फोडल्या नाहीत. दोन दगड उचकटले. तिसऱ्याला पहार लावली, जोर दिला आणि सोडून दिलं. "बसलाय बेस. ह्याला हात लावू नये," असं म्हणून वर आले. ते दोन दगड दुसऱ्या दिवशी परत बसवले.

मग म्हणाले, "मोटार खाली ठेवू. तुला मी खाली आनतो." एवढं साधं कोणालाच सुचलं नव्हतं. जे सहा जण गाडी वर घेऊन आले तेच तिला खाली घेऊन गेले. ती आता काशीरामच्या हॉटेलात मागच्या पडवीत असते. काशीराम तिला तिथेच विजेला लावतो, वर ताडपत्री टाकतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात लावू देत नाही.

पंधरा जूनला पाऊस कोसळत होता. आबांनी मला पाठीवर घेतलं, दोघांवर मिळून एक इरलं घातलं आणि उतरायला लागले. पहिली वाट असती तर आम्ही त्या घसरड्या पट्ट्यावरच पडलो असतो. पायऱ्यांवरून पाणी धो धो वाहत होतं आणि आबांचा पाय प्रत्येक पायरीवर ठाम पडत होता. मी त्यांच्या मानेला धरून मोजत होते. अठ्ठ्याहत्तर म्हटलं आणि सडक लागली.

मी गाडीवर बसले, इरलं मला दिलं. निघाले. आबा मागून पळायला लागले. डोलीवाले पळतात तसे, अर्धवट, गुडघ्यात वाकून. आणि ओरडत होते, "हळू, पुडं दगड! हळू, पुडं पानी!" डोलीत मागच्याला सांगतात तसं. सडकेवरच्या मोरीपर्यंत त्यांचा आवाज येत होता. मग येईनासा झाला. मी वळून बघितलं तर पावसात कोणी दिसत नव्हतं.

दादा, माझ्या खाली कुणाची पाठ नव्हती. मला भीती वाटली. बटणावरून अंगठा सुटला, गाडी थांबली. मी एकटी सडकेच्या मधोमध. मग हसू आलं. मग रडायला आलं, आणि ते थांबेना. बरगड्या दुखल्या. अलिबागला टाचणी कळली नव्हती, पण हे कळलं. खूप दुखलं. मी पुन्हा बटण दाबलं आणि वेळेवर पोचले. अकरा पोरं होती. सगळ्यांनी गाडीचा भोंगा वाजवला, तेवढ्यात गाणी राहूनच गेली.

आता दुसरी बाजू लिहिते, लपवत नाही. उतरणं होतं, चढणं होत नाही. संध्याकाळी आबा चार ठिकाणी थांबतात. मागच्या बुधवारी एक्केचाळिसाव्या पायरीवर मला घेऊनच खाली बसले. ओठ काळे पडले होते. बोलता येईना, हातानेच मला थोपटत होते, जणू मीच पडले होते. बराच वेळ आम्ही पावसात तसेच बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहिले. मी नको म्हटलं तर ऐकत नाहीत. वाडीतली माणसं लावणीत आहेत, कोणाला रोज सकाळ-संध्याकाळ बोलवायचं? नाते, पाचाड, सगळीकडे विचारून झालं. तरणे आहेत ते एमआयडीसीत नाहीतर मुंबईला. दोघे असते तर डोली होती. दोघांच्या खांद्यावर मी काहीच जड नाही.

जानकीबाईंना मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, गणपतीपर्यंत बघू. म्हणजे एकतर मला बालवाडी सोडावी लागेल, नाहीतर आबांना मरावं लागेल. मी सोडणार आहे. पण दादा, सोडायची या विचारानेच मला रडू येतं. मागच्या वर्षी नसतं आलं. तुझ्या गाडीने एवढं केलं.

फळ्या पाठवू नकोस. तू दर पत्रात विचारतोस आणखी काय पाठवू, आणि मी आठ महिने लिहिते आहे, काही नको. ते खोटं होतं.

डोलीला मागचा गडी हवा आहे.

बनू


कुवेत
२८ जुलै १९८४

बनू,

मुलाखत तू पडलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी होती. मला सकाळच्या एसटीनेसुद्धा जमलं असतं. मी दोन दिवस आधी निघालो कारण मला त्या झाडावर चढायचं नव्हतं. कंटाळा आला होता, बाकी काही कारण नव्हतं. हे एवढं लिहायला मला साडेतीन वर्षं लागली आणि एक गाडी लागली.

साहेबांना सांगितलं. एकोणीस ऑगस्टचं विमान आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही, तेव्हा किती दिवसांसाठी येतोस असं विचारू नकोस. जोसेफ सुट्टीवरून परत आला, मुलगी झाली. त्याला पायऱ्यांचं खरं काय ते सांगितलं, तो हसला नाही.

पाकिटावर या वेळी जिल्हा रायगड लिहिलं आहे.

तोवर आबांना उचलू देऊ नकोस. चार आठवडे रजा माग, जानकीबाईंना हे पत्र दाखव.

दांडी माळ्यावरून काढून ठेवा. मी तिला जन्मात कधी खांदा लावलेला नाही, लोकांची ओझी वाहायची नाहीत म्हणून तर गाव सोडलं. खांदा सोलवटेल, चार दिवस कुरकुर करेन, ते ऐकून घ्या. आबांना सांग, मी नवा गडी, मला मागे धरा. वाट ते बघतील. मी त्यांच्या पाठीकडे बघेन.

दादा